ताहेरच्या नावानं

पडेगाव, १२ मार्च १९८९

जाहेदा,

मुख्तारभाई गेल्याचं मला संक्रांतीनंतर कळलं. तुझ्या दाऊदचं पत्र आमच्या रामकिसनच्या नावावर आलं होतं. त्यानं ते वाचून दाखवलं आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिला. मी म्हणाले, भाकरी करपेल, सरक बाजूला. तू मला ओळखतेस. तेव्हापासून तुला लिहायला बसते आणि उठते.

अशा वेळी लिहायचे चार शब्द मला येतात, पण ते तुला लिहायचे नाहीत. आमचे मालक गेले तेव्हा तूही काही बोलली नव्हतीस. आलीस, पदर खोचलास आणि माझी भांडी घासत बसलीस. हैदराबाद लांब आहे, नाहीतर मीही तेच केलं असतं.

तुमचा टेम्पो हैदराबादला निघाला तेव्हा माझं दार बंद होतं. ते तू विसरली नसशील. त्याबद्दल आज काही लिहीत नाही.

तू कन्नड गावच्या मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेली, म्हणून मोठं मोठं अक्षर काढते आहे. मी शाळेत गेले नाही हे तुला माहीत आहे. पोलीस ॲक्शन झाली त्या साली माझं शाळेचं वय होतं. शाळा बंद पडली, ती माझ्यापुरती पुन्हा उघडलीच नाही. लग्नानंतर मालक गटाराची झाकणं ओतायच्या लाकडी नमुन्यांवर, पॅटर्नवर, बसवायला लाकडाची अक्षरं कोरायचे, त्यातली बिघडलेली माझ्याकडं टाकायचे. त्यावरून शिकले. म्हणून माझं अक्षर अजून लाकडी आहे. पत्र दाऊदला वाचायला देऊ नकोस, सावकाश लाव पण तूच वाच.

आता ज्यासाठी लिहिते ते. दाऊदनं रामकिसनला लिहिलंय की इराकची लढाई थांबली, तिथं फुटलेलं सगळं नव्यानं करायचं आहे. गटारं, पाण्याच्या टाक्या, रस्ते, रेल्वे. इकडच्या कारखानदारांचा एक जथा तिकडं जाणार आहे. त्यात दोघांनी मिळून जावं, ड्रेनेजच्या झाकणांचं काम मिळवावं, 'आपल्या वडिलांसारखं'. त्या शब्दांखाली त्यानं रेघ ओढली आहे.

दाऊदला थांबव. तो थांबला की हा थांबेल.

सरूबाई


पडेगाव, ९ एप्रिल १९८९

जाहेदा,

तुझं कार्ड मिळालं. 'पोरां सुनते नै भाबी.' एवढंच लिहिलंस, पण भाबी लिहिलंस.

परवा पाडवा झाला, आता तुझे रोजे लागले असतील. उन्हात जपून राहा. तुला दुपारी चक्कर यायची आणि तू ती कबूल करायची नाहीस.

पोरं ऐकत नाहीत हे खरं. रामकिसन मला स्टेशन रोडच्या एका हॉटेलात सभेला घेऊन गेला. कारखाना कागदावर माझ्या नावावर आहे म्हणून मला पुढच्या रांगेत बसवलं. सगळ्या हॉलमध्ये बाईमाणूस मी एकटी. मुंबईहून आलेले एक साहेब भिंतीवर चित्रं दाखवत होते. परदेशात कुठं कुठं पाण्याची आणि मैल्याची कामं निघालीत, कुठं रेल्वे टाकायची आहे, मराठवाड्यातल्या छोट्या कारखानदारांनी ही संधी कशी धरावी, असं बोलणं. आपण जन्मभर ज्याला गटार म्हटलं त्याला ते पर्यावरण म्हणत होते. मला मुख्तारभाईंची आठवण आली. ते मागून म्हणाले असते, "भाबी, अब अपन पर्यावरण के ढक्कन बनाएंगे, भाव बढ़ाओ."

शेवटी म्हणाले, कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा. मी उभी राहिले.

"तिथं आपला माणूस मेला तर काय करता?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला. "बाई, तो विषय वेगळ्या खात्याचा आहे. आपली आजची चर्चा निर्यातीची आहे."

मागून एकजण ओरडला, "मावशी, आधी ऑर्डर तर मिळू द्या!"

सगळे हसले. हसले ते वाईट मनानं नव्हे. त्यांना काय माहीत.

येताना स्कूटरवर रामकिसन फुगून बसला होता. पडेगावच्या नाक्यावर म्हणाला, "माय, लई लाज आणली आज."

"तुझ्या बापाला पण ऑर्डरच आधी मिळाली होती," मी म्हणाले. 

पोराचंही चुकत नाही. इथं महापालिका झाकणं घेते, पण भाव देत नाही, आणि त्याला भट्टी मोठी करायची आहे. बापाचं काम बापाच्या पुढं न्यायचं आहे. चांगलं पोर आहे. म्हणूनच मला भीती वाटते.

सरूबाई


पडेगाव, ३० एप्रिल १९८९

जाहेदा,

हे पत्र एकटी असताना वाच.

काल रामकिसननं कामाचा नकाशा आणला. जमिनीवर पसरला, कोपऱ्यांवर तांब्या आणि पाट ठेवले. झाकणं कुठं कुठं येणार त्याची ठिकाणं बघायला. बोलता बोलता म्हणाला, "माय, हे गाव बघ. आबा वारले ना, तेच गाव. बसऱ्याच्या अलीकडचं."

मी पोळ्या लाटत होते, लाटत राहिले.

तो बोट फिरवत गेला. इथून नवा रस्ता, रस्त्याच्या पोटातून मैल्याची लाइन. "आणि हे जुनं कब्रस्तान. याच्या कडेच्या ओळी रस्त्यात जायल्या. खाली लिहिलंय, थंडीपर्यंत नातेवाईक आले तर त्यांच्या कबरी नव्या जागी हलवणार. नाय आले तर वरून रस्ता." मग हसून म्हणाला, "दोन झाकणं तर बरोबर तिथंच येतात."

जाहेदा, मला माहीत आहे. पैठणच्या घाटावरच कळलं होतं.

ऐंशी साली लढाई लागून आठवडे झाले होते, विमानं बंद, मालकांबरोबर कामाला गेलेले मुख्तारभाई कुवेतच्या रस्त्यानं कसेबसे आले. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. खंदकाची माती अंगावर पडून मालक गेले, तिथंच अग्नी दिला, असं म्हणाले आणि डालड्याचा डबा माझ्यापुढं ठेवला. फडक्यात बांधलेला. आम्ही पैठणला गेलो. रामकिसन सोळा वर्षांचा, डोकं भादरलेलं, पाण्यात उभा. गुरुजी म्हणाले, आईनं हात लावावा. मी डब्यात हात घातला.

सासऱ्यांच्या, सासूबाईंच्या अस्थी मी या हातांनी वेचल्या आहेत. माणसाची राख खरखरीत असते, बोटांना टोचते. ही चुलीतल्या राखेसारखी मऊ होती. आणि तळाशी बोटाला एक खुंटी लागली. पितळी, करंगळीच्या पेराएवढी, तीन आट्यांची. मालक पॅटर्न दोन अर्धुकांत करायचे, आणि ती अर्धुकं एकमेकांवर बरोबर बसावीत म्हणून मधे अशी खुंटी ठोकायचे. खुंटीला गोल खाचांचे असे तीन आटे फक्त तेच पाडून घ्यायचे, गुलमंडीच्या लेथवाल्याकडून. नमुना दाखवायला म्हणून जो पॅटर्न ते बरोबर घेऊन गेले होते, त्याची ती खुंटी.

मी मूठ मिटली. राख पोराच्या ओंजळीत दिली. त्यानं गंगेत सोडली.

म्हणजे जळला तो पॅटर्न; ते जळले नाहीत, पुरले गेले. आणि परमुलखात, लढाईच्या धामधुमीत, कब्रस्तानात जागा मिळाली म्हणजे मुख्तारभाईंनी काहीतरी सांगितलं असणार. मला त्यांचा राग आला नाही. पण त्यांच्यासमोर उभी राहिले असते तर तोंडातून निघालं असतं, आणि देवगाव रंगारीच्या आमच्या थोरल्या दिरांना, आप्पासाहेबांना, एक शब्द कळला असता तर त्यांनी मुख्तारभाईंना या गावात राहू दिलं नसतं. म्हणून मी दार लावलं. तुम्ही समजलात की नवऱ्याला तिकडं नेल्याचा दोष देते. समजू दिलं.

ती खुंटी मी कुंकवाच्या करंड्यात ठेवली. तो तसाही रिकामा होता.

आता त्यांच्यावरून रस्ता जायचा आहे. ते कोणत्या ओळीत आहेत, कोणत्या नावानं आहेत, मुख्तारभाई तुला नक्की बोलले असतील. मला नाव सांग.

सरू


पडेगाव, २१ मे १९८९

जाहेदा,

तुझं पत्र मी इतक्यांदा वाचलं की घड्यांवर फाटलं. तू सगळं पहिल्यापासून लिहिलंस: तिथले लोक म्हणाले, आपल्या माणसाला जागा देऊ, परक्याला कुठं ते तुम्ही बघा. वर तोफा चालू. मुख्तारभाईंनी विचार केला नाही. "मेरा बड़ा भाई है, ताहेर," म्हणाले. ताहेर म्हणजे त्यांचा लहानपणीच गोवरानं गेलेला थोरला भाऊ, तुझा जेठ. 'मेरे मरे हुवे जेठ का नाम कारभारीभाई कू दे दिए भाबी, और उस दिन से कभी पूरी नींद नै सोए.' मालकांचं नाव तुला लिहिता येतं. आणि राखेचं: 'खाली हाथ कैसे आते. जिस चीज कू उनका हाथ सबसे जास्ती लगा, वोइच जलाया.'

म्हणजे गेली इतकी वर्षं तू मला कळू नये म्हणून गप्प होतीस, आणि मी तुला कळू नये म्हणून. बघ कशा आपण.

मी रामकिसनला सांगितलं. सांगावंच लागलं.

तो मग म्हणाला, "मंग मी गंगेत काय सोडलं?"

"लाकूड."

"आणि पिंड? पिंड कुणाला दिला मी, माय?"

 तो उठला, चपला घातल्या आणि देवगाव रंगारीची एसटी धरली. आप्पासाहेबांकडं. गेल्या वर्षीच्या दंगलीपासून शहरातली हवा कशी आहे ते तुला दाऊद सांगत असेल. मी ओट्यावर बसून राहिले. म्हटलं, आता गाडी भरून माणसं येतील, मेलेल्या मुख्तारभाईंचं नाव चौकात घेतील.

दिवस मावळायला तो एकटाच परत आला. मी विचारलं, "काय सांगितलंस काकांना?"

"काय नाय. कांद्याचा भाव विचारला."

आणि भिंतीकडं तोंड करून रडला. बाप गेला तेव्हा रडला नव्हता इतका.

आता मात्र हट्ट धरून बसला आहे. जायचं ते आबांना घेऊन यायला. हाडं आणायची, पैठणला पुन्हा सगळं करायचं. दाऊदला पाठव. हे लिहून ठरण्यासारखं नाही.

सरू


पडेगाव, १८ जून १९८९

जाहेदा,

दाऊद दोन दिवस राहून काल गेला. मुख्तारभाईंसारखाच खाली बघून हसतो. दारात आल्या आल्या म्हणाला, "काकी, भज्याचं पिठलं करा, अम्मीला येत नाही." खोटं बोलला. मला बरं वाटावं म्हणून.

दोघं कारखान्यात पॅटर्नच्या फळीखाली बसले. मी चहा घेऊन गेले तेव्हा भांडण रंगात आलं होतं.

"माझा बाप हाय तो!" रामकिसन म्हणत होता.

"तेरा बाप है तो मेरा कौन है?" दाऊदनं चहाचा कप उचलला नाही. "ऐक ना रामू. मी तिथल्या माणसाकडून विचारून घेतलं. ताहेरचा पुतण्या म्हणून मी उभा राहिलो तर हलवायला देतात, पण त्याच गावात, नव्या कब्रस्तानात. तू उभा राहून म्हणालास की हे ताहेर नव्हते, कारभारी होते, हिंदू होते, तर जुना कागद खोटा ठरतो. मग ते ना तुला देणार ना मला. थंडी आली की रोलर येणार."

"म्हणजे कायमचे ताहेरच?"

दाऊद मग माझ्याकडं वळला. "काकी, तुम्ही म्हणाल तसं. अम्मीनं शपथ घातलीय, काकी सांगतील त्याच्या बाहेर जायचं नाही."

मी तशीच घरी आले. ज्वारी निवडायला घेतली आणि दोनदा निवडलेलीच पुन्हा निवडली. जाहेदा, मला ते इथं हवेत. हाडं तर हाडं. पैठणला त्या पाण्यात सोडावीत, आणि मग मीही मोकळं व्हावं, असं मला इतकी वर्षं वाटत आलं आहे. ते आता कधीच व्हायचं नाही, हे मला ज्वारीपुढं बसून कळलं. गंगा त्यांना नाही.

दुसऱ्या दिवशी पोरांना सांगितलं. त्यांना रस्त्याखालून काढा. नव्या जागी ठेवा. नाव तेच राहू द्या. ज्या नावानं त्यांना माती मिळाली ते नाव मी काढून घेणार नाही.

रामकिसन म्हणाला, "आणि मी तिथं कोण म्हणून उभा राहू?"

  मग मी करंडा आणला, खुंटी काढली, रामकिसनच्या हातावर ठेवली. म्हटलं, ही त्यांच्याजवळ ठेव. कोण म्हणून उभं राहायचं ते तिथं गेल्यावर बघ.

त्यानं त्या तीन आट्यांवरून अंगठा फिरवला. त्याच्या पॅटर्नांच्या खुंट्यांना आटे नसतात, त्या बाजारातल्या असतात.

सरू


पडेगाव, सर्वपित्री अमावस्या, २९ सप्टेंबर १९८९

जाहेदा,

पोरं परत आली हे तुला दाऊदनं सांगितलंच असेल. पण तो तुला निम्मं सांगणार आणि रामकिसन मला निम्मं, म्हणून माझ्याकडचं निम्मं लिहिते.

काम मिळालं नाही. झाकणं दुसऱ्या देशाच्या मोठ्या कारखान्याला गेली, त्यांचा भाव उतरता होता. रामकिसन म्हणाला, "त्यांच्या झाकणाचा काठ बघितला मी. बरा हाय." एवढंच. भट्टी मोठी करायचं आता बोलत नाही. पुढच्या महिन्यात तेच साहेब आफ्रिकेतल्या पाण्याच्या कामांची सभा घेणार आहेत. हा जाईल. जाऊ दे. मी पुढच्या रांगेत बसेन.

कब्रस्तानाच्या कारकुनापुढं दाऊद उभा राहिला, पुतण्या म्हणून. कारकुनानं रामकिसनकडं बोट केलं, हा कोण? रामकिसनला त्याची भाषा कळली नाही, बोट कळलं. दाऊद म्हणाला, भाऊ. कारकुनानं दोघांकडं पाहिलं आणि सहीचा कागद पुढं सरकवला.

माती दोघांनी काढली. फार काही नव्हतं म्हणाला. दोघांनी उचललं, नव्या जागी एका लिंबासारख्या झाडापाशी ठेवलं. दाऊदनं दुवा वाचली. रामकिसनला काय म्हणावं सुचेना, तर तो आपलं पाठ असलेलं पसायदान म्हणू लागला, आणि अर्ध्यात विसरला. मग खुंटी ठेवली आणि माती लोटली. येताना विमानात म्हणे दाऊदच्या खांद्यावर झोपला तो मुंबईपर्यंत.

आज सर्वपित्री. मी वडे, खीर, गवारीची भाजी, सगळं केलं. पान वाढलं. आजवर या दिवशी पान वाढताना मला वाटायचं, हे अन्न कुणाकडं जातंय कुणास ठाऊक. आज तसं वाटलं नाही. पण दुःख कमी झालं असं समजू नकोस. ते होतं तेवढंच आहे, फक्त आता ते कुठं आहेत ते मला माहीत आहे.

तू गुरुवारी, जुमेरातीला फातेहा देशील तेव्हा ताहेरच्या नावानंही दे. तिकडून तू, इकडून मी.

आणि एक. मुख्तारभाईंनी त्यांना थोरला भाऊ केलं त्या दिवशीच आपलं नातं बदललं, पण आपण दोघी गप्प बसलो, म्हणून कुणी ते धरलंच नाही. दाऊद जाताना पाया पडला, तेव्हा काकी म्हणाला नाही. बडी अम्मी म्हणाला. मी आत गेले, तोंड धुतलं. आता तूही भाबी लिहू नकोस. आणि ये. दिवाळीची वाट बघू नकोस. टेम्पो निघाला तेव्हा जे दार लागलं होतं ते उघडं आहे. भांडी बरोबरीनं घासू.

नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नाही, हे तुला माहीत आहे. उखाण्यात एकदा घेतलं, तेवढंच. ते असताना 'अहो' म्हणून हाक मारायची, गेल्यावर तीही कुणाला मारणार? आज पान वाढून झालं, घरात कुणी नव्हतं. कावळ्यासाठी घास घेऊन मागच्या दारी गेले. आणि मला वाटलं, हे दुसरं नाव तर मला घेता येतं. याला कुणाची आडकाठी नाही.

मी हाक मारली. ताहेर, म्हटलं. जेवायला या.

तुझी थोरली जाऊ,
सरू